मराठीतून गणित शिकण्याची तयारी

पुण्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्या संध्याकाळी मी उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी करायला बसले. हाताशी अडीच महिने होते आणि वर्गात मागे पडायचे नाही, हे ठरलेले होते. यादीत सर्वांत वर कलनशास्त्राचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. माझी शाळा तमिळ माध्यमाची, इंग्रजी कच्चे.

"पुण्यात इंग्रजी कशाला, मा?" अप्पा म्हणाले. "आपल्याच भाषेचे गाव ते."

अप्पा म्हणजे माझे वडील; तमिळ रीतीने मला लाडाने 'मा' म्हणणारे. आम्ही तंजावूरचे मराठी; अप्पा तिथल्या कालवा खात्यात आरेखक.

"प्रवेशाचे पत्र तर इंग्रजीत आले."

"माझ्या बदलीचा हुकूमही इंग्रजीत आला होता. काम तमिळमध्येच केले की."

तर्क मला बिनतोड वाटला. इथे तमिळमधून पदवी घेता येते. तिथे मराठीतून शिकवत असणार. घराबाहेर मराठी कधी न ऐकलेल्या माणसांनाच असा निष्कर्ष काढता येतो. मी इंग्रजी पुस्तकावर काट मारली आणि पुण्यातल्या एका दूरच्या आत्याकडून बीजगणित, भूमिती आणि पदार्थविज्ञान अशी तीन मराठी पुस्तके मागवली.

पार्सल उघडले, तेव्हा कोणते पुस्तक कोणते हेही आम्हाला कळेना. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे कोणी उरले नव्हते. अप्पांनी पाने चाळली आणि एका आकृतीवर बोट ठेवले. दोन बाजू समांतर, दोन तिरक्या.

"हा आपला कालवा. आडवा छेद. खाली क्षेत्रफळाचे सूत्र असणार."

होतेच. मग मोबाइलवर अक्षरांचा तक्ता काढून आम्ही सूत्राभोवतीचे शब्द एकेक करून लावत गेलो. रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी तासभर अप्पा ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायचे आणि मी उदाहरणे सोडवायची.

"बाप-लेक दोघेही पहिलीत," अम्मा डोशाच्या तव्याजवळून म्हणायची. "परीक्षा कोणाची, ते तरी ठरवा."

सुट्टी संपत आली, कालव्यांना पाणी सुटले, तोवर मी एक पान न अडखळता वाचू लागले होते. भूमितीचे पुस्तक अप्पांनी ठेवून घेतले. त्यांचे अजून अर्धेच झाले होते.

पुण्यात पहिला तास पूर्ण इंग्रजीत झाला. शेजारच्या मराठी मुलीही इंग्रजीतच टिपणे घेत होत्या. पहिल्या चाचणीत मी जेमतेम उत्तीर्ण झाले. त्या रविवारी अप्पांनी फोनवर विचारले, "काय शिकवतात सध्या?"

"वर्तुळ," मी म्हटले. "आपल्या पुस्तकातलेच."

"मग मी मागे पडलो."

इंग्रजीची उणीव वर्षभरात भरून निघाली. आता मी पदार्थविज्ञानात संशोधन करते, आणि चुकीच्या निवडीने झालेले नुकसान मोजायचे तर ते दोन सत्रांपलीकडे जात नाही. सकाळचा तो तास मात्र कोणत्याही सुट्टीत परत मिळाला नाही. मी घरी जाते तेव्हा अप्पा मला झोपू देतात.

परवा त्यांचा फोन आला. एका उदाहरणाचे पुस्तकातले उत्तर चुकले आहे, प्राध्यापकांना विचारशील का? मी ते स्वतःच सोडवून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन केला.

"काय म्हणाले?"

"तुमचे बरोबर आहे म्हणाले."

"मराठीतच विचारलेस ना?"

"हो, अप्पा."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला आणि ते पुढचे उदाहरण वाचू लागले, सावकाश, एकेक शब्द लावत. प्रयोगशाळेत सगळे माझी वाट पाहत होते; मी फोन ठेवला नाही.