आण्णाप्पाची हिरवी न्याहारी

रोज सकाळी बांधावरच्या पाल्याला शिवण्याआधी आण्णाप्पा आपला उजवा तळहात जिभेनं चाटून बघायचा. आधी चिंचेच्या कोळानं हात घासायचे, विहिरीवर धुवायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि मग मांजरासारखी जीभ एकेका बोटावरून फिरवायची. तोंड वाकडं झालं नाही की स्वतःशीच मान हलवून तो खाली बसायचा आणि पाला खुडायला लागायचा. गावात नवी सून आली की हे बघून ती पदर तोंडाला लावायची. जुन्या बायका तिला म्हणायच्या, "हसू नगंस बाई. त्या चाटण्यामागं त्याच्या आक्काचा जीव हाय."

निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या काळ्या मातीत आण्णाप्पाचं चार एकर रान होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच त्याचाही तंबाखू, कडेला पट्टाभर हरभरा आणि भाकरीपुरता शाळू. वेगळी होती ती त्याची जीभ. हिरवं काही दिसलं की ते तिला कळल्याशिवाय राहवायचं नाही. चिंचेचा कोवळा पाला, जांभळीची लाल पालवी, शेवग्याची फुलं, केळीच्या खांबाचा पांढरा गाभा, उंबरं किड्यांसकट, आंबुशी मुळासकट. चूल पेटायच्या आत त्याची न्याहारी झालेली असायची. प्रत्येक पाल्याला त्यानं एकेक काम नेमून दिलं होतं. केळीचा गाभा मुतखड्याला, शेवग्याचं फूल डोळ्यांना, उंबर उष्णतेला. कुणाचा मुतखडा विरघळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण आण्णाप्पा सांगायचा तेव्हा डोळ्यांत असा उजेड असायचा की ऐकणाऱ्याला आपल्याला खडा नसल्याचंच वाईट वाटावं.

एकदा त्यानं निवडुंगाचं लाल बोंड खाल्लं. रक्त वाढतं म्हणून. बोंडावरची बारीक कुसं नीट निघाली नव्हती. जीभ सुजून भाकरीएवढी झाली आणि तीन दिवस घरात शब्द निघाला नाही.

"लई ग्वाड तीन दिस गेलं," त्याची बायको मालुबाई विहिरीवर सांगत होती. "वरीसभरात एकदा तरी खावावं मानसानं."

त्यातच गावच्या शाळेतले मारुतीराव मास्तर बेळगावला गेले आणि खडेबाजारातून एक पातळसं पुस्तक घेऊन आले. शिजवलेल्या अन्नात जीव उरत नाही, जे कडू ते रक्त शुद्ध करतं, असं त्यात लिहिलेलं. मास्तरांनी ते पारावर बसून मोठ्यानं वाचलं आणि स्वतः घरी जाऊन आमटीभात जेवले. आण्णाप्पानं मात्र एकेक ओळ पाठ केली. आपण जन्मभर जे करत आलो ते छापलेलं असतं, याचा त्याला फार आनंद झाला.

ही गोष्ट एकोणीसशे बत्तीस सालची. त्याच कार्तिकात बायाक्का आली.

बायाक्का ही त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आण्णाप्पा चार वर्षांचा होता आणि ती चौदाची. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याची पहिली भाकरी तिनंच चुरून भरवली. पुढं ती खानापूरकडच्या भाताच्या मुलखात दिली गेली, लवकर विधवा झाली, पण तिथंच राबत राहिली. त्या पावसाळ्यात हिवतापानं तिला दोन महिने धरलं. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. बेळगावच्या डॉक्टरनं क्विनाइन थांबवून सांगितलं होतं, "आता औषध नाही. आता खाल्लं तर जगेल."

आणि तिला खाववत नव्हतं. फोडणीचा वास आला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. चुलीवरचं काही नको, गरम नको. बैलगाडीतून उतरताना आण्णाप्पानं तिला हात दिला तर चोळीची बाही तिच्या दंडावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

"चुलीवरचं नगं म्हनतीस न्हवं?" तो म्हणाला. "मग तू बरोबर घरात आलीस, आक्का."

दुसऱ्याच दिवसापासून त्यानं तिची न्याहारी हातात घेतली. बांधाच्या ओलीवर घोळ नावाची रानभाजी माजली होती, जाड, रसरशीत, लालसर दांड्याची. तो ती नखानं खुडायचा, तळहातावर मीठ घालून चुरायचा आणि तिच्या समोर धरायचा. बायाक्का दोन घास घ्यायची. कपाळावर घाम यायचा. मग ती हळूच आडवी व्हायची.

"गुन येतूया," आण्णाप्पा म्हणायचा. "कडू हाय न्हवं? कडू म्हंजी रगत धुऊन निघालं."

घोळ कडू लागत होती हे मात्र खरं. एरवी घोळ आंबूस असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आण्णाप्पानं स्वतः खाऊन पाहिली, कडू. शेजारचा सिद्राम आला. त्याचं निम्मं बोलणं कानडीत चालायचं. आण्णाप्पानं त्याच्या तोंडात चिमूट सोडली तसे त्याचे डोळे बारीक झाले.

"भाळ कही ऐतप्पा!" तो ओरडला. "लई कडू! आरं, ही घोळ हाय का कडूलिंबाची भन?"

"माझ्या रानातली जातच निराळी हाय," आण्णाप्पा म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याचा तसा ठाम समज झाला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आण्णाप्पाच्या बांधावर औषधी घोळ उगवली. सकाळी माणसं यायला लागली. कुणाचं पोट साफ नव्हतं, कुणाच्या अंगाला खाज होती. आण्णाप्पा कुणाला खुडू द्यायचा नाही. औषधाला खुडण्याची रीत असते, म्हणायचा. तोच खुडणार, तोच चुरणार, तोच तोंडात घालणार. खाणाऱ्याला जरा गरगरायचं, कपाळ ओलं व्हायचं, आणि दुपारपर्यंत पोट साफ. म्हातारा भावकू तर म्हणाला, दहा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. लोक म्हणू लागले, पाला तर असतोच, पण आण्णाप्पाच्या हाताला गुण आहे.

फक्त बायाक्काच सुधारत नव्हती. तीन आठवडे गेले. आता ती दोनाच्या जागी एक घास घेत होती, तोही भाऊ समोर बसलाय म्हणून. रात्री आण्णाप्पा तिच्या उशाशी बसायचा आणि पुस्तकातल्या ओळी मनात म्हणायचा. त्या आता पहिल्यासारख्या गोड लागत नव्हत्या.

"अवं, येक इचारू?" मालुबाई एकदा म्हणाली. "गावाला गुन येतोय तर आक्कांला कसा न्हाय?"

"तिचं दुखनं मोठं हाय."

"का तुमची घोळच मोठी हाय, कुनास ठावं."

सकाळी मात्र तो दुप्पट घोळ घेऊन आला, आणि बायाक्कानं ती बघून प्रथमच हात जोडले. "आज नगं रं बाळा," ती म्हणाली. त्याच्या हातच्या घासाला तिनं आजवर 'नगं' म्हटलं नव्हतं. तो तसाच उठला आणि निपाणीच्या बाजाराला निघून गेला.

ते दिवस शेंडे खुडायचे होते. तंबाखूला कळ्या आल्या की शेंडा मोडायचा, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे पान जाड होतं. हे काम आण्णाप्पा दुसऱ्याला देत नसे. आणि त्याच दिवसांत पलीकडच्या पट्ट्यात बायका हरभऱ्याचे शेंडे खुडायच्या, म्हणजे झाड पसरतं आणि घाटे जास्त धरतात. पुरुष तंबाखूत, बायका हरभऱ्यात, ही वाटणी कुणी केली नव्हती. ती आपली होत आली होती.

त्या दिवशी मालुबाई हरभऱ्यातून परतताना बांधावर वाकली आणि ओंजळभर घोळ खुडून घेऊन आली. धुतली, मीठ टाकलं, कच्च्या शेंगदाण्याचं कूट भुरभुरलं, आणि शिळ्या भाकरीच्या चतकोरावर ठेवून बायाक्कापुढं केली. बायाक्कानं तिच्या समाधानासाठी एक पान तोंडात टाकलं. मग दुसरं. मग भाकरीचा तुकडा मोडला.

आण्णाप्पा बाजारातून परत आला तेव्हा त्याची बहीण घराच्या पुढच्या सोप्यात बसून बोटानं ताटली पुसत होती.

"ह्ये काय खाल्लंस, आक्का?"

"घोळ. मालूनं आनली." तिनं मान वर केली. "आनि हाय का रं?"

आण्णाप्पानं मालुबाईकडे पाहिलं. "कुठली घोळ?"

"तुमच्याच बांधाची."

"खोटं."

"मग या आनि बगा."

दोघं बांधावर गेली. मागून सिद्राम आला, कारण भांडण असलं की त्याला वास लागायचा. एकाच वेलीच्या एका फांदीची घोळ आण्णाप्पानं खुडली, दुसऱ्या फांदीची मालुबाईनं. दोन मुठी घेऊन ती सोप्यात आली आणि बायाक्कापुढं धरल्या. बायाक्कानं भावजयीच्या मुठीतलं पान खाल्लं, मान हलवली. भावाच्या मुठीतलं खाल्लं आणि थुंकलं. मग तिनं ते केलं जे तो चार वर्षांचा असताना ती करायची. त्याचा हात धरून जवळ ओढला आणि हुंगला.

"आण्णाप्पा, तुज्या हाताला तंबाखू हाय."

"असंलच की. शेंडं खुडतोय."

"मी आले त्या दिसापासनं समद्या घरालाच ह्यो वास येतोय. मला वाटलं, तुमच्यात आसंच असतंय."

आण्णाप्पानं हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर शेंड्यांचा काळा चिकटा बसला होता. तो दर हंगामात बसायचा. राखेनं घासून पाण्यानं धुतला तरी जात नसे. हंगामाच्या दोन महिन्यांत त्याची भाकरीसुद्धा कडू लागायची, पण ती सिद्रामची लागायची, अख्ख्या आळीची लागायची. कडूपणा तिथं हवेसारखा होता. कुणी त्याची चव घेत नव्हतं. त्यानं हळूच एक बोट चाटलं.

मग सिद्राम हसायला लागला. तो भिंतीला टेकला, खाली बसला, डोळे पुसले. "औषधी घोळ! आरं लेका, गावाला तंबाखू चारलास की रं! म्हनून भावकू परसाकडं पळत गेलता!"

मालुबाईही हसली. आण्णाप्पाला हसू आलं नाही. तो बहिणीसमोर उकिडवा बसला होता. आपण तिला रोज काय भरवत होतो, हे त्याच्या मनात आत्ता एकेक घासानं मोजलं जात होतं.

"आक्का, तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू लहान हुतास तवा मी तुला करपलेली भाकर भरवत हुते. तू कुटं बोललास?"

मग मालुबाईनं हरभऱ्याच्या पाल्याचा एक बोळा त्याच्या हातात कोंबला. "चोळा ह्यो. आमचं हात ह्याच्या आंबट आंबीनंच सोच्छ व्हत्यात." त्यानं चोळला. काळा चिकटा हिरव्या रसात सुटून आला. हात धुतले. चाटले. पुन्हा चोळले. पुन्हा चाटले. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा उजळला, आणि अंधार पडायच्या आत तो धावत बांधावर गेला.

त्या संध्याकाळी बायाक्कानं भावाच्या हातची घोळ खाल्ली आणि सावकाश म्हणाली, "आता लागती बग आंबूस."

संक्रांतीपर्यंत तिची चोळी दंडावर बसायला लागली. ते घोळीनं झालं, की थंडीनं भूक लागली म्हणून, की तंबाखू पोटात जायचा थांबला म्हणून, हे कुणी ठरवू शकलं नाही. आण्णाप्पा म्हणायचा, घोळीनं. मास्तरांनी पुस्तक उलटसुलट चाळून पाहिलं आणि कबूल केलं की हात धुण्याबद्दल त्यात एकही ओळ नाही. फक्त म्हातारा भावकू नाराज झाला. "ही आंबूस मला नगं," तो रोज येऊन म्हणायचा. "ती पहिली दे. हात धुवायच्या आधीची."

बायाक्का परत गेली नाही. भावाकडेच राहिली, आणि रोज सकाळी त्याच्या नव्या शोधांची पहिली चव तिनं घेतली. सगळं तिला आवडायचं असं नाही. कच्चं कवठ तिनं परत केलं, हादग्याचं फूल दोनदा मागितलं. सुरणाचा नुसता विषय काढला तेव्हा तिनं त्याला लाटणं दाखवलं. आण्णाप्पाच्या हातचं खायला माणसं पुढंही यायची, पण आता तो आधी हात दाखवायचा आणि म्हणायचा, "हुंगून बग." हरभरा बारा महिने नसतो म्हणून त्यानं चिंच धरली. हंगाम असो वा नसो, चिंचेनं हात घासल्याशिवाय आणि चाटून बघितल्याशिवाय त्यानं कधी पानाला बोट लावलं नाही. चौदा वर्षं.

सेहेचाळीस सालच्या पौषात तो आजारी पडला. छातीत कफ भरला होता. आठ दिवस अंथरुणावर पडूनही, सकाळी उजेड आला की तो उजवा हात तोंडाजवळ न्यायचा. बायाक्का उशाशी बसलेली असायची, सत्तरीकडे झुकलेली, दात गेलेली, पण ठणठणीत. आठव्या दिवशी हरभऱ्यातून मालुबाई आली. तिच्या पदरात नणंदेसाठी खुडलेली कोवळी घोळ होती. आण्णाप्पानं डोळे उघडले, पदराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आक्काची हाय न्हवं?" तो म्हणाला. "हात धुतलंस का गं?"