कर्णिकांच्या माडीची जमीन

धाकूच्या बापाने सारा जन्म मिठागरात काढला. धाकूने मात्र रंधा धरला. ठाण्यात त्याचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे: त्याने ठोकलेली फळी कधी उपटावी लागली नाही.

१९५४च्या चैत्रात कर्णिक वकिलांनी नव्या माडीवर सागवानी जमीन करायला त्याला बोलावलं. कल्याणच्या वखारीतून फळ्या आल्या. धाकूने त्या माडीवरच, मध्ये पट्ट्या सारून, मोकळ्या रचल्या आणि कोपऱ्यात बशीभर खडेमीठ ठेवलं. ही बापाची शिकवण. भिंतींचा गिलावा ओला होता. सकाळी पाहावं तर बशीत पाणी. मीठ कोरडं राहीपर्यंत खिळा मारायचा नाही, दिवाळीनंतर बसवू, असं त्याने वकिलांना सांगितलं. शिवाय भिंतीकडेने बोटभर फट हवी. पावसाळ्यात फळी फुगते, तिला सरकायला जागा लागते.

वास्तुशांतीचा मुहूर्त ज्येष्ठात होता. वकील हसले. "अरे, जमीन करायचीय की लोणचं घालायचंय?"

फट तर त्यांना मुळीच नको होती. तिच्यात झुरळं होतील, पाहुणे नावं ठेवतील. धाकू अडून बसला, तेव्हा वकील एवढंच म्हणाले, "तुला जमत नसेल तर सांग. मुंबईचा मिस्त्री आणतो."

"जमतं," धाकू म्हणाला.

हा शब्द त्याने गिळायला हवा होता.

नऊ दिवसांत त्याने जमीन बसवली, भिंतीला भिडवून, सांध्यात नख जाणार नाही अशी. वास्तुशांतीला वकिलांनी ती चारचौघांना कौतुकाने दाखवली. श्रावणात ती मध्यभागी गाभण म्हशीच्या पोटासारखी वर आली. दार उघडेना. धाकूला निरोप पोचायच्या आधी आळीभर झालं होतं, की धाकूने कच्चं लाकूड बसवलं.

धाकू गेला. एकही फळी न चिरता सगळे खिळे उपटले. दिवाळीपर्यंत फळ्या रचून वाळवल्या, एकेकीची कड रंधली, फट ठेवली आणि ती झाकायला भिंतीलगत पट्टी मारली. सगळं फुकट. जमीन पुन्हा उठली नाही. वकील पाहुण्यांना सांगत, दुसऱ्या खेपेला मी स्वतः उभा राहिलो म्हणून नीट बसली.

त्यानंतर ठाण्यात कुणी त्याला जमिनीचं काम दिलं नाही. तो पाट, चौरंग, खाटेचे पाय करत राहिला. बायको आवडाबाई चिडायची.

"अवो, सांगा ना लोकांना, वकिलानंच घाई केली. तोंडात काय खिले धरलेत?"

धाकू रंधा थांबवत नसे. एकदाच थांबवला.

"त्याला कललं नव्हतं," तो म्हणाला. "मना कललं व्हतं. तरी ठोकलं."