ताटाभोवतीच्या सह्या

ब्लॉगवर लोक लडाख लिहितात, केरळ लिहितात. मी सोलापूर लिहिणार आहे, आणि तेही मंगळवेढ्याहून. हसायचं तर खुशाल हसा. प्रवास सत्तरच्या दशकातला, एसटीने जेमतेम अडीच तासांचा. पण त्या दोन दिवसांत नेमकं काय झालं, हे इतक्या वर्षांत मला धड उमगलेलं नाही. लिहून बघते. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

निघायचं कारण माझा धाकटा भाऊ दत्ता. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या, बगलेत कुबडी. एकोणीस वर्षांचा होता आणि गावातल्या सरकारी शिवणवर्गात शिकत होता. हात असा बसलेला, की त्याने लावलेली कॉलर मास्तर बाकीच्यांना दाखवायचे. वर्गातली जागा टिकवायला अपंगत्वाचा दाखला लागायचा आणि तो दरवर्षी स्वतः सोलापूरला जाऊन नवा करून आणायचा. आदल्या वर्षी ऐन तारखेला दत्ता तापाने फणफणला. दाखला संपला आणि तपासणीची पुढची तारीख थेट वर्षाने. मग नोटीस आली, की महिन्याभरात नवा दाखला नाही तर वर्गातून नाव कमी.

"दर साली बोलवत्यात ते कशाला ठाव हाय का?" दत्ता म्हणायचा. "पाय परत उगवला का बघायला!"

आमच्या तालुक्यात अपंगांसाठी एक छोटी समिती होती. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, अक्षर बरं, म्हणून चिटणीस मीच. अशाच संस्था आणखी तीन होत्या. सोलापुरात मूकबधिरांची एक शाळा आणि अंधांची वेतकामाची कार्यशाळा, तर मैंदर्गीत पोलिओच्या मुलांचं वसतिगृह. सगळ्यांनी आपापले अर्ज पाठवले होते आणि सगळ्यांना 'विचाराधीन आहे' एवढंच उत्तर आलं होतं. मग मूकबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका आगाशेबाईंचं पत्र आलं: "एकेकट्याने लिहून काही होत नाही. या सगळे, एकच निवेदन करू." मी दत्ताला म्हटलं, चल, तूही चल.

पहाटेच्या गाडीत पुढची जागा मिळाली, कारण पट्ट्या लावलेला पाय वाकत नाही. तो मधल्या वाटेतच येतो आणि चढणारा प्रत्येक जण अडखळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू कणसांवर आला होता. बेगमपूरला भीमा ओलांडली, पुढे कामतीला गाडी थांबली तेव्हा मी भाकरी आणि शेंगाचटणीचं फडकं सोडलं. शेजारच्या म्हातारबांनी दत्ताच्या पायाकडे बघत विचारलं, "दवाखान्याला व्हय?"

"न्हाय, सरकारला शानं करायला चाललोय," दत्ता म्हणाला. म्हातारबा हसून हसून खोकायला लागले, त्यांना आमचंच पाणी द्यावं लागलं.

(आता जाणार असाल तर रस्ता झकास आहे. चटणी मात्र घरचीच न्या.)

सोलापूरला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. स्टँडवरून टांगा करून शाळेत गेलो. बैठक दहाला होती ती बाराला सुरू झाली, कारण मैंदर्गीच्या वसतिगृहाचे मठपती अण्णा यायचे होते. ते आले धापा टाकत. "होटगीला गाडी थांबली ती थांबलीच की!" म्हणाले. "इंजनाला काय झालं कुणाला ठावं. इल्ल री, हलायचं नावच न्हाई. मी तर चालतच निघणार होतो."

आणि मग माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत. मला वाटलं होतं, सगळ्यांचं दुखणं एकच. कसलं काय! आगाशेबाईंना बहिऱ्या मुलांसाठी परीक्षेत जादा वेळ हवा होता. कार्यशाळेचे रशीदभाई, स्वतः जन्मांध, त्यांना सरकारी कचेऱ्यांतल्या वेतकामाच्या ऑर्डरी हव्या होत्या. अण्णांना वसतिगृहाला शिधा हवा होता. मी दाखल्याचं बोलले, तर बाई म्हणाल्या, "तो फार लहान प्रश्न आहे हो." लहान? माझ्या भावाचं नाव कापलं जाणार होतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात रशीदभाई म्हणाले, "बाई, मेरेकू भी हर साल बुलाते. आंखा आये क्या करके देखते." अण्णा म्हणाले, त्यांच्या पोरांना तर बैलगाडीने स्टेशनापर्यंत न्यावं लागतं. बाईंच्याही मुलांना जावं लागतच होतं, पण त्याची इतकी सवय झाली होती की ती तक्रार आहे हेच त्या विसरल्या होत्या.

असं करता करता निवेदन ठरलं. न बदलणाऱ्या अपंगत्वाचा दाखला एकदा दिला की कायमचा धरावा आणि तो तालुक्यालाच मिळावा. मी मजकूर लिहून काढला. मला वाटलं, झालं. झालं कुठलं! पहिली सही कुणाची, यावर सगळं अडलं. बाई म्हणाल्या, आमची संस्था सर्वांत जुनी. अण्णा म्हणाले, आम्ही सगळ्यांत लांबून आलो. मीही म्हटलं, लिहिलं कुणी? जेवणं थंड होत चालली होती. तासाभरापूर्वी एकमेकांच्या पोरांसाठी डोळे पुसणारी माणसं आता सहीच्या जागेवरून हमरीतुमरीवर आली होती. मला ते काही केल्या समजेना.

शेवटी रशीदभाई म्हणाले, "टोपलीच्या काठाला पैली काडी कौनसी? कोई पूछता क्या? गोल करो."

स्वयंपाकघरातून मुलांचं छोटं ताट आणलं. कागदाच्या खालच्या भागात ते पालथं घालून पेन्सिलीने गोल काढला आणि सगळ्यांनी कागद फिरवत काठाने सह्या केल्या. रशीदभाईंचं बोट मी धरून जागेवर ठेवलं. मधला गोल कोरा राहिला. अण्णा त्याकडे बघत म्हणाले, "मधी या पोराची सही घ्या की. ज्याच्यापायी लिवलं त्याचंच नाव न्हाय, हे कसं?" दत्ता लाजला, पण त्याने सही केली. ठसठशीत आणि सरळ.

रात्री शाळेच्याच एका वर्गात पथाऱ्या टाकून झोपलो. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून कचेरीत. कुठली ते लिहीत नाही, तिथल्या माणसांचा आता काय दोष काढायचा. आवक टेबलावरच्या कारकुनाने कागद डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, मग मानच फिरवली.

"अर्जदार कोण?"

"आम्ही सगळे," बाई म्हणाल्या.

"सगळे असा रकाना नाही, बाई. एक नाव सांगा."

झालं! पुन्हा तेच. बाई आणि अण्णा एकदमच बोलायला लागले, रशीदभाई दोघांना शांत करायला लागले. त्या गलबल्यात कारकुनाने कंटाळून कागद समोर धरला आणि त्याला सरळ वाचता येणारं एकच नाव होतं ते लिहून टाकलं. मधलं. दत्ताचं.

मी ते पाहिलं. हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते. पाहिलं आणि बोलले नाही. त्यात काही बिघडतंय हे मला कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि बरं वाटलं होतं? देवाशपथ सांगते, मला ठरवता येत नाही. आवक क्रमांक मिळाला म्हणून आम्ही सगळे खूश होऊन तलावाकाठी भजी खायला गेलो.

तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं, दत्ताच्या नावाने. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून विशेष बाब म्हणून आपला जुना दाखला कायम धरून आपणांस दरवर्षीच्या तपासणीतून सूट देण्यात येत आहे. ही सवलत इतरांस उदाहरण म्हणून वापरता येणार नाही.'

आईने गल्लीत साखर वाटली. वर्गात जागा राहिली, मास्तर घरी येऊन गेले. दत्ताने पत्र दोनदा वाचलं. "रशीदभाईंना काय मिळालं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. "अण्णांच्या पोरांना?" मी भाकरी थापत राहिले. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्याशीच का? त्याने काही पाहिलं होतं का? विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी दाखल्याच्या तारखेला पहाटे उठून बघते, तर दत्ता पट्ट्या आवळत बसलेला.

"तुला कशाला जायचंय? तुला माफ आहे ना!"

"मला हाय. त्यास्नी न्हाय," तो म्हणाला. "चल, गाडी चुकंल."

तो दिवसभर रशीदभाई आणि मैंदर्गीच्या मुलांबरोबर रांगेत उभा राहिला. पाळी आली की खिडकीवरच्या माणसाला पत्र दाखवायचा आणि म्हणायचा, आता मागच्याला द्या असंच. पुढच्या वर्षीही गेला, त्याच्या पुढच्याही. दरवेळी चारही संस्थांचं तेच निवेदन सोबत, फक्त सह्या आता सरळ रेघेत आणि पहिली कुणाची यावर कुणी भांडायचं नाही. पुढे कधीतरी दाखला कायमचा झाल्याचं कळलं. आमच्यामुळे झाला, की मुंबईत कुणाच्या डोक्यात आलं म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नाही. आगाशेबाई म्हणायच्या आमच्यामुळे. अण्णा म्हणायचे, देवाला ठावं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी मंगळवेढ्याला दत्ताच्या दुकानात गेले. केस पांढरे झालेत, मशीन अजून चालू आहे. म्हटलं, ते पत्र दे, ब्लॉगवर फोटो टाकते. त्याने खिळ्याला लटकवलेल्या, कापड बेतायच्या कागदांतून एक काढून दिला. कॉलरचा माप-कागद, कडा मळलेल्या. पालथा केला तर त्यावर टंकलेली अर्धी ओळ होती: 'इतरांस उदाहरण म्हणून'.

"चांगला जाड कागद होता," दत्ता म्हणाला. "लई जणांच्या कॉलरी निघाल्या त्यावर."

मग त्याने हात पुढे केला. गिऱ्हाईक थांबलं होतं, कागद त्याला परत हवा होता.