धंतोलीचा ठिपका

देवाजी मेश्राम अठरा वर्षांत एकदाही ऑफिसला उशिरा गेला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला कामचुकार म्हणाल, आणि कामचुकार तो कधीच नव्हता.

खापरखेड्याला बायको कांताबाई आणि पोरगी प्रीती यांच्यासोबत राहायचा. सकाळची बस धरून नागपूरला यायचा आणि एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसायचा. काम एकच. रस्त्यावरच्या अपघातात माणूस दगावला की त्याचा कागद देवाजीच्या टेबलावर यायचा, आणि देवाजी तो कॉम्प्युटरमध्ये चढवायचा. नाव, वय, वाहन, तारीख, जागा. नोकरी कंत्राटी, पण टायपिंग असं सफाईदार की कायम नोकरीवाले बघत राहायचे.

जागेपाशी मात्र घोडं अडायचं. कॉम्प्युटरला त्याच्या यादीतलीच जागा लागायची, म्हणजे एखादा चौक, नाका, नाहीतर वस्ती. आणि कागदावर लिहिलेलं असायचं, ‘मोरीच्या पुढे, बाभळीजवळच्या वळणावर’. आता बाभूळ यादीत कुठून येणार? फॉर्म लाल अक्षरं दाखवून हटून बसायचा. नवा होता तेव्हा देवाजीने साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, “मेश्राम, माणूस गेला कुठे? धंतोलीच्या दवाखान्यात ना? मग धंतोली टाका आणि फॉर्म पुढे ढकला.” खोटं तरी कसं म्हणावं? अख्ख्या विदर्भातून माणसं नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांत आणतात, आणि जी वाचत नाहीत ती तिथंच जातात. देवाजीने धंतोली टाकलं आणि फॉर्म पुढे गेला. मग बोटांना तीच सवय लागली.

दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला मुलगा गेला. रोशन. चोवीस वर्षांचा, वीज केंद्रात कंत्राटावर वेल्डिंग करायचा. सकाळपाळी करून मोटरसायकलवर घरी येत होता. घर दीड किलोमीटरवर राहिलं होतं. मोरीपुढच्या त्याच वळणावर टिप्परखाली आला. धंतोलीला नेलं. तिसऱ्या दिवशी सारं संपलं.

महिन्याभराने त्याचा कागद ऑफिसात आला. बाजूच्या टेबलावरच्या शोभाताईंनी हात पुढे केला, “द्या भाऊ, हे मी करते.”

“नाही ताई,” देवाजी म्हणाला. “माह्या पोराचं नाव मीच लिहीन. दुसऱ्यानं चुकवलं तं?”

एकेक अक्षर तपासून त्याने ती नोंद केली. वय तीनदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बाहीला पुसत होता. जागेपाशी आला आणि बोटं आपोआप गेली. धंतोली.

इकडे कांताबाईचं एकच चालू होतं. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती वळणावर जायची, मेणबत्ती लावायची, हात जोडून पंचशील म्हणायची. आणि मग रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रत्येक टिप्परला हात दाखवायची, “हळू जाय ना बाप्पा, हळू जाय!” कोण ऐकतं? तिला त्या जागी एक स्पीडब्रेकर पाहिजे होता, बास. तिने रस्त्याच्या खात्याकडे तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर आलं की सदर ठिकाणी अपघाताची नोंद आढळून येत नाही.

“माहा पोरगा मेला तिथं, आन नोंद नाई म्हनते!” कांताबाई कागद आपटायची. “आंधळे हायत का हे?”

ते उत्तर तिला वाचून दाखवायचा देवाजीच. वाचायचा आणि तिच्याबरोबर तोही त्या लोकांना शिव्या घालायचा. तुम्ही म्हणाल, अरे, या माणसाच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं! हात अठरा वर्षं जे करत आले ते डोक्याला विचारून करत नाहीत. तुमचेही नाही करत.

यंदा प्रीती इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात एक स्पर्धा आली. सरकारने लोकांसाठी खुली केलेली माहिती घ्यायची आणि तिच्यातून लोकांच्या कामाचं अ‍ॅप बनवायचं. प्रीतीने मैत्रीण चिन्मयीला सोबत घेतलं आणि नाव दिलं. माहिती कोणती घेतली असेल? अपघाताची. गाडी धोक्याच्या जागेजवळ आली की मोबाईल बोलेल, असं तिचं अ‍ॅप. आवाजसुद्धा घरचाच घेतला, आईचा. “हळू चाल ना गा, समोर वळण हाय,” कांताबाई मोबाईलमध्ये बोलली आणि स्वतःचाच आवाज ऐकून पदराआड हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली बिचारी.

त्या स्पर्धेत सरकारने एक हमी दिली होती. निवडलेली अ‍ॅप्स ज्या दहा जागा सगळ्यांत धोक्याच्या दाखवतील, तिथे लगेच स्पीडब्रेकर. कांताबाईने ते पोरीकडून चारदा वदवून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी प्रीतीने नकाशा उघडला. एकेका माणसाचा एकेक लाल ठिपका, आणि जास्त माणसं तिथे मोठा ठिपका. कांताबाई चष्मा लावून पुढे सरकली. धंतोलीत हा एवढा थाळीसारखा ठिपका! जिथे गर्दीत गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात, तिथे. आणि मोरीच्या वळणावर काहीच नव्हतं. नुसता रस्ता.

“माह्या रोशनचा ठिपका कुठं हाय वं?” कांताबाईने विचारलं.

“माहंच काही चुकून राहिलं आई,” प्रीती म्हणाली.

देवाजी मागे उभा होता. त्याला कळलं. अठरा वर्षं न कळलेलं त्या एका ठिपक्याने कळलं. पण तोंडाला कुलूप. सांगावं तर बायकोसमोर कोणत्या तोंडाने उभं राहावं? चार दिवस पोरगी आपलं काम उलटंपालटं करून तपासत होती, कॉलेजातून आली की जेवायला उठत नव्हती, आणि बाप समोर बसून गिळत होता. राग येतो की नाही? येतो. देवाजीलाही स्वतःचा येत होता.

शनिवारी प्रीती रडायलाच आली. “मी नाव मागं घेते बाबा. मले नाही जमून राहिलं.”

“तुहं काही चुकलं नाही बेटा,” देवाजी म्हणाला. “मी चुकवलं.” आणि त्याने सगळं सांगितलं. कांताबाई कांदा चिरत होती. तिचा हात थांबला.

अ‍ॅप पाठवायची मुदत सोमवारची. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण ऑफिसची चावी दिली. रविवारी सकाळी बापलेक ऑफिसात जुने गठ्ठे सोडून बसले. देवाजी कागद वाचायचा आणि प्रीती नकाशावर खरी जागा शोधून टाकायची. तिचं लक्ष जागेकडे. तारीख फक्त देवाजी बघत होता. मोरीच्या वळणाचा कागद आला की वाचून झालेला कागद तो पालथा ठेवायचा. दिवस मावळेपर्यंत धंतोलीचा ठिपका तिळाएवढा झाला आणि मोरीच्या वळणावर नवा उगवला. त्यात माणसं आठ.

प्रीतीच्या अ‍ॅपला तिसरा नंबर मिळाला. दहा जागांत मोरीचं वळण चौथं होतं. आणि काय सांगावं, पंधरा दिवसांत स्पीडब्रेकर झाला! पांढरे पट्टे, आधी फलक, सगळं नीट.

पौर्णिमेला संध्याकाळी कांताबाई देवाजीला घेऊन तिथे गेली. टिप्पर येत होते, जवळ आले की ब्रेक मारत होते, धक्का खाऊन हळूच पुढे जात होते. तिला हात दाखवावा लागला नाही. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने रोशनची मेणबत्ती लावली.

“पंधरा दिवसांचं काम होतं,” ती म्हणाली.

“हाव.”

“आठ जनं म्हनते प्रीती. आपल्या रोशनच्या आंधी किती होते जी?”

मालूम नाही, असं म्हणता आलं असतं. त्या सातही माणसांचे कागद देवाजीनेच चढवले होते. सगळ्यांत जुना नऊ वर्षांपूर्वीचा होता. नावं त्याला आता पाठ झाली होती.

“सात,” देवाजी म्हणाला.

कांताबाईने पिशवीतून मेणबत्त्यांचा पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला.

“सात लावा,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं लावा. एकेकाचं नाव घेऊन.”

आणि ती एकटीच घराकडे चालायला लागली. देवाजी खाली बसला. एकेक नाव घेत लावत गेला. टिप्पर हळू जात होते, तरी त्यांच्या वाऱ्याने ज्योती विझत होत्या. पाचवी लावताना पहिल्या दोन विझल्या. त्याने काडेपेटी पुन्हा काढली आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.