डायनिंग टेबलाची चौथी खुर्ची

भूतखेत, उतारा, लिंबू-मिरची... मला या सगळ्याचा पहिल्यापासून राग. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हा 'मनाचे खेळ असतात हो' हे मला सांगायला कुणी येऊ नये. मी स्वतःला ते हजारदा सांगून झालंय.

आमचं गाव येलदरी धरणाच्या अलीकडे. नामांतराच्या मोर्चांचे दिवस. दादाने औरंगाबादहून नव्या फॅशनचं डायनिंग टेबल आणलं आणि चार खुर्च्या – काळ्या लोखंडी नळ्यांचे पाय, वाकवलेल्या सागाची पाठ. गाव बघायला यायचं! आम्ही मात्र जेवायचो खाली पाटावरच. टेबल पाहुण्यांच्या चहापुरतं.

एका सकाळी वडिलांनी वीजकेंद्रातल्या नव्या इंजिनिअरसाहेबांना चहाला बोलावलं. अर्धा कप झाला आणि वडिलांनी आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न टाकला.

"सायेब, सोयरे कुठले तुमचे?"

"परभणीचे. आम्ही बौद्ध," ते सरळ म्हणाले.

"उठा."

एवढंच. साहेबांनी कप ठेवला, उठले, बूट घातले. मला हुकूम झाला – "खुर्ची धू. गोमूत्र टाक." मी बी.एस्सी. झालेली मुलगी... आणि धुतली! अंगणात, त्यांच्यासमोर. साहेब फाटकाशी स्कूटर धरून उभे होते. मी शेवटचा तांब्या ओतेपर्यंत बघत राहिले, मग किक मारली. अजून लाज वाटते.

पंधरवड्याने मला बघायला पाहुणे आले. मुलगा लग्नानंतर पुढे शिकू देणार होता, त्यामुळे हे स्थळ मला हवंच होतं. भर दुपार. मुलाचे वडील त्याच खुर्चीवर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले.

"इथं कुणीतरी बसलेलं हाय!"

"काहीबी काय पाव्हणे, हे बघा..." वडील हसत स्वतः बसले. हसणं तिथंच थांबलं. पांढरेफटक होऊन उठले.

"गुडघे हायेत... माणसाचे."

पोहे तसेच राहिले. स्थळ गेलं. आणि वडील बोलले कुणाला? मला! "नीट धुतली न्हाईस तू."

संतापाने मीही जाऊन बसले. खाली इस्त्रीची कडक पँट लागली. आणि ऊब.

बरं, साहेब वारले होते म्हणावं, तर ते ठणठणीत, येलदरीला ड्युटीवर! मेलेल्याचा उतारा तरी काढता येतो. जिवंत माणसाचं काय उतरवणार?

पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं. वडील खुर्ची फोडायला निघाले होते, म्हणून मी ती भांडून सोबत आणली. आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. पाहुणे बसतात, चुळबुळतात, उठतात. असं का होतं, मला आजही माहीत नाही.

मुलगा म्हणतो, आई, भंगारात दे. देता येईल हो. पण आधी बसलेल्याला उठवावं लागेल, आणि ते आम्ही एकदा केलेलं आहे.