आबा पुलावरून परत फिरायचे तेव्हा...

रोह्याच्या पुलावर ऐन मध्यावर आबांनी माझा हात झिडकारला आणि तरातरा अष्टमी गावाकडे, आमच्या घराकडे परत चालायला लागले. मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय, माझी खांब गावची एसटी सुटायला वीस मिनिटं राहिलेली... आणि मी पर्स सांभाळत त्यांच्या मागे धावतेय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आबा म्हणजे माझे सासरे. पेणच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले, सगळा जन्म भातशेतीत आणि मिठागरावर गेलेला. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना अष्टमीतल्या आमच्या घरी आणलं आणि दोनेक वर्षांत एकेक गोष्ट त्यांच्या हातून निसटायला लागली... आधी चष्मा, मग जेवण झालंय की नाही ते, मग माझं नाव. डिमेन्शिया हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, एवढंच म्हणायचे.

नवरा कंपनीत, शिफ्टवाला. मी खांबच्या शाळेत शिकवायचे, अजून पर्मनंट झाले नव्हते आणि रजा सगळ्या संपल्या होत्या. हेडमास्तरांनी अगदी सभ्यपणे सांगून ठेवलं होतं... बाई, अजून दोन महिने बघतो, मग मला दुसरी व्यवस्था करावी लागेल.

नशिबानं रोह्यात एक रिटायर्ड नर्सबाई होत्या. आपल्या पडवीत पाच-सहा म्हाताऱ्या माणसांना दहा ते चार सांभाळायच्या. आज याला डे केअर म्हणतात, आम्ही नुसतं 'बाईंकडे' म्हणायचो. आबा तिकडे गेले तर माझी नोकरी राहणार होती, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते.

आणि आबा कधी जायचे, कधी अजिबात नाही. मी काय काय नाही केलं... लाडीगोडी लावली, जिलेबी कबूल केली. एकदा दाढी करायला न्हाव्याकडे जाऊ म्हणून खोटं बोलून नेलं, तर पुढचे आठ दिवस त्यांनी दाढीच करू दिली नाही! एकदा वर्गात ओरडते तशी ओरडलेसुद्धा. ते खाली मान घालून बसून राहिले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अजून लाज वाटते त्याची.

नर्सबाई म्हणाल्या, "समजावत बसू नका हो. त्यांना कसला तरी घोर लागलाय, तो शोधा." बोलायला काय जातंय यांचं, असं मी मनात म्हटलं. खरं सांगते.

पण मास्तरकीची सवय कुठे जाणार... भिंतीवरच्या कॅलेंडरवर आबांच्या गैरहजेरीच्या फुल्या मारायला लागले. महिन्याभरानं बघते तर फुल्या सगळ्या घोळक्यानं! पौर्णिमेचा गोल, अमावास्येचा गोल आणि त्यांच्या पुढचे दोन-तीन दिवस. एरवी आबा व्यवस्थित जात होते. मला आधी वाटलं, हा काहीतरी बाहेरचा प्रकार... घाबरतच नवऱ्याला दाखवलं.

त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, उधाण!"

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या गावात खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, उधाणाला, तो फुटला, खांड गेली म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात... मग किती वर्षं तिथे भात पिकत नाही. म्हणून त्या दिवसांत गडीमाणसं पाळीनं बांधावर. दुसरा माणूस येऊन 'मी हाय' म्हणेपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही. आबांनी हे जन्मभर केलेलं. माझं नाव विसरले, पण सकाळी कॅलेंडरवरचा गोल दिसला की त्यांचा पाय गावाबाहेर निघत नव्हता.

पुढच्या पौर्णिमेला नवरा घरीच होता. तो समोर उभा राहून म्हणाला, "आबा, बांधावर मी हाय. तुमी जावा." आणि आबा उठून चालायला लागले की हो... मी बघतच राहिले.

अमावास्येला मात्र त्याची फर्स्ट शिफ्ट. तो पहाटेच गेलेला, आबा ओट्यावर खांबाला धरून बसलेले आणि हेडमास्तरांचे दोन महिने संपत आलेले. मी धीर केला, म्हटलं, "आबा, बांधावर मी हाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, पर्स, हातात पेपरांचा गठ्ठा... "खांड गेली तं काय करशील गो?"

झालं. माझं माहेर पुण्याचं, मी बांध जन्मात बघितला नव्हता. सुचलं ते बोलले, "पहिल्यांदा चार माणसांना हाक मारीन."

आबांनी खांब सोडला. मग म्हणाले, "व्हय. येकट्यानं उतरायचं नाय... वाहून जातं मानूस." आणि चपला घालून पुढे चालायला लागले.

पूल ओलांडून त्यांना बाईंकडे सोडलं, एसटी पकडली आणि खांब येईपर्यंत पदरानं डोळे पुसत बसले. वर्षभर मी एकटीच उतरले होते ना... पेणच्या नणंदेला मी खुशालीची पत्रं लिहीत होते, शेजारी कुणाला पत्ता लागू देत नव्हते.

त्याच संध्याकाळी नणंदेला खरं काय ते लिहिलं. चौथ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात, आल्या आल्या मला शिव्या. मग दर उधाणाला यायची आणि दारात उभी राहून आबांना सांगायची, "मी आलेय बांधावर." शेजारच्या काकी चारला त्यांना घेऊन यायला लागल्या. माझी नोकरी टिकली आणि आबा शेवटपर्यंत आमच्यात, बऱ्यापैकी मजेत राहिले.

आता कुणी मला सांगितलं की घरी असं माणूस आहे आणि सगळं मीच बघते, तर मी फार काही शिकवत नाही. आधी विचारते... हाक कुणाला मारलीस?