मराठी दाराबाहेर ठेवावी

ती वर्गात आली ती चपला बाहेर काढून. बाकीचे आईवडील बूट-सँडल घालून खुशाल आत येऊन बसले होते. ही एकटी उंबऱ्याशी थांबली, चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि मग आत आली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, चालतं." तर म्हणाली, "नको म्याडम. शाळा हाय." मला मनातून फार बरं वाटलं. माझ्या वर्गाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता, मुख्याध्यापिकांनी तर नाहीच.

मी पुण्याच्या नारायण पेठेतली. जिभेची धार तिथली, आणि पोटासाठी रोज स्कूटर हाकत खराडीला जाऊन सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात अर्धी मुलं आयटीवाल्यांची आणि अर्धी मूळ गाववाल्यांची, म्हणजे ज्यांच्या शेतांवर ती आयटीची ऑफिसं उभी आहेत त्यांची. डब्यात काय आहे यावरून ती भांडतात मात्र एकाच भाषेत, आणि ती भाषा इंग्रजी नसते. म्हणून माझ्या वर्गाच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: "मराठी व हिंदी दाराबाहेर ठेवावी. जाताना परत मिळेल." पाटीच मराठीत आहे, हे मुख्याध्यापिकांनी एकदा माझ्या लक्षात आणून दिलं होतं. मी म्हटलं, पाटी दाराच्या बाहेर आहे, नियमात बसते.

शाळा सुरू झाली की थोड्या दिवसांत मी पालकांना वर्गात बोलावते. मार्कांचं रडगाणं त्या दिवशी नाही. मुलानं दारात जाऊन आपल्या आईला किंवा वडिलांना आत आणायचं, जागेवर बसवायचं, मग त्यांना फळ्यापुढे उभं करून चार-सहा वाक्यांत इंग्रजीत त्यांची ओळख करून द्यायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शेवटी कँटीनचा बटाटेवडा आणि चहा. भाषांतर करून द्यायचं नाही, हा माझा हट्ट. ज्यांना कळलं नाही त्यांनी घरी जाऊन मुलाकडून समजून घ्यावं, तेवढाच मुलाचा भाव वधारतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्गात आम्ही एक खेळ खेळतो. एखाद्या वस्तूचं नाव न घेता तिचं असं वर्णन करायचं, की बाकीच्यांना ती ओळखता आली पाहिजे. छत्रीला छत्री म्हटलं की बाद. चपला काढून आलेल्या त्या बाईची मुलगी माझ्या सातवीत होती. एरवी गप्प गप्प असायची, पण या खेळात तिच्या पुढे कुणी जात नसे. कुकरचं वर्णन तिनं असं केलं होतं, की मला माझी सासू आठवली.

तर त्या दिवशी ओळखी झकास चालल्या होत्या. एकानं सांगितलं, माझे वडील घरून काम करतात आणि घरूनच ओरडतात. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच अडकवून आलेले ते वडील लाजले, आणि वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. एका मुलीनं आपल्या आईची ओळख करून देता देता आईचं वजन सांगून टाकलं. तिलाही टाळ्या. मी खुशीत होते. मनात म्हणत होते, बघा म्हणावं, कसं बोलतात माझी पोरं.

मग चपला काढून आलेल्या बाईच्या मुलीची पाळी आली. आई काठापदराचं लुगडं सावरत फळ्यापुढे उभी राहिली. डोक्यात गजरा, दोन्ही हात जोडलेले, चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत असतं तसं हसू. मुलगी शेजारी उभी राहिली. तिनं आईचा पदर धरला आणि इंग्रजीत बोलायला लागली. ती जे बोलली ते मी मराठीत सांगते.

"ही माझी आई. ही खूप छान आहे. मी आत्ता हिचं कौतुक करते आहे, असं हिला वाटतंय, म्हणून तुम्ही कृपा करून हसत राहा."

पालक हसले. मीही हसले. काहीतरी गंमत असणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"हिच्या पोटात एक गोष्ट आहे. तिचं नाव मी घेणार नाही. आकाशात बारा राशी असतात, त्यातल्या चौथ्या राशीत एक प्राणी असतो. तो आडवा चालतो."

"क्रॅब!" पहिल्या बाकावरची एक मुलगी आनंदानं ओरडली. तिला वाटलं, खेळ सुरू झाला. आईनं तिच्याकडे बघून कौतुकानं मान हलवली.

"बरोबर. त्या राशीचं इंग्रजीत जे नाव आहे, तेच हिच्या पोटातल्या गोष्टीचं नाव आहे. माणसांच्या आत काय आहे ते बघणाऱ्या एका माणसानं हे माझ्या बाबांना सांगितलं. बाबांनी आजोबांना सांगितलं. आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. हिला माहीत नाही. हिला सांगितलंय की पोटात जखम आहे आणि ती आपोआप सुकेल."

तिला थांबवायला हवं होतं का? मला सुचलंच नाही. आपल्या कानांवर जे पडतंय ते खरंच पडतंय का, हे तपासायलाच माणसाला वेळ लागतो.

"तो माणूस म्हणाला होता की लवकर करा. पण माझ्या काकांचं लग्न ठरलंय. ही घरातली मोठी सून आहे, सगळं हीच करते. म्हणून आजोबा म्हणाले की आधी ते होऊ दे, मग बघू. बाबा अंघोळीच्या जागी नळ सोडून रडतात, पण आजोबांपुढे बोलत नाहीत. मला कुणाला सांगायचं नाही असं बजावलंय. पण घरातल्या कुणालाच ही भाषा येत नाही. म्हणून मी तुम्हाला सांगितलं. माझं बोलणं संपलं. आता कृपा करून टाळ्या वाजवा."

कुणीही टाळी वाजवली नाही.

मला धक्का बसला तो बातमीचा, हे तर झालंच. पण तिथंच उभी असताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिच्या सबंध बोलण्यात डॉक्टर नव्हता, हॉस्पिटल नव्हतं, रिपोर्ट नव्हता, ऑपरेशन नव्हतं, मॅरेजसुद्धा नव्हतं. जे जे इंग्रजी शब्द आईच्या रोजच्या मराठीत आहेत, ते सगळे पोरीनं एकेक करून वेचून बाहेर काढले होते. हे उभ्या उभ्या जमत नाही. कितीतरी दिवस घोकलं असणार. पोळ्या करणाऱ्या आईच्या शेजारी बसून ही वाक्यं मनातल्या मनात जुळवत असणार, आणि आई विचारत असणार, झाला का गं अभ्यास?

आईचं हसू अजून तसंच होतं, पण डोळे वर्गभर फिरायला लागले होते. तिनं जोडलेले हात खाली घेतले.

"काय झालं म्याडम? चुकलं का तिचं काही?"

"नाही हो," मी म्हटलं. "छान बोलली."

"मग टाळ्या न्हाई वाजवल्या कुणी. सगळ्यांच्या पोरांना वाजवल्या."

मला टाळी वाजवता येईना. मघाशी लाजलेले ते ओळखपत्रवाले गृहस्थ मान खाली घालून मोबाईलकडे बघत होते, आणि मोबाईल बंद होता. वजनवाली आई पदरानं डोळे पुसत होती. एरवी शाळेच्या फीवरून माझ्याशी तासभर हुज्जत घालणारे लोक! मला त्यांचा राग आला, आणि मीही त्यांच्यासारखीच ठोंब्यासारखी उभी आहे याचा त्याहून जास्त आला.

"त्या ताई रडतात कशापायी?" ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "काय म्हणली ही? सांगा की म्याडम. इथं सगळ्यांना कळलं, मला एकटीलाच न्हाई कळलं."

मी मुलीकडे बघितलं. पेपर लिहून झाल्यावर मुलं जशी बाईंकडे बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती. तिचं काम झालं होतं. पुढचं मोठ्यांनी करायचं होतं.

मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण ज्या बाईचं आडनाव तेवढं मला हजेरीतल्या मुलीच्या नावामुळे माहीत, तिला तिचं मरणजगणं मी कोण सांगणार? आणि न सांगावं, तर उद्यापासून ही बाई लग्नाचे पापड लाटायला बसणार. मी दोघींचे हात धरले आणि वर्गाबाहेर आले. दार ओढून घेतलं. आईनं सवयीनं भिंतीशी ठेवलेल्या चपलांत पाय सरकवले.

"आता मराठीत सांग," मी मुलीला म्हटलं. या शाळेत लागल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

तिनं नकारार्थी मान हलवली. "नाही सांगता येणार, मिस. आजोबांनी शपथ घातलीय."

"कुणाची?"

"आईची." आणि मग रडत रडत, "मी आईला सांगितलं तर आईला काहीतरी होईल."

एका लहान मुलीच्या गळ्यात हे असलं अडकवून घरातली मोठी माणसं मांडवाच्या तयारीला लागली होती. मला काही बोलायचं होतं, आणि ते नारायण पेठेतलं होतं, म्हणून मी गिळलं.

आई मात्र एकदम शांत झाली. ती मुलीपुढे खाली वाकली, तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

"शपथ कुणाची हाय? माझीच ना?"

"हो."

"मग मीच सोडवते. सुटली. बोल आता."

लहानपणी आम्ही वाड्यातली पोरं शपथ अशीच सोडवत असू, 'सुटली' म्हणून. पण एवढ्या मोठ्या बाईनं एवढ्या गंभीरपणे ते म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलीनं दोनदा विचारलं, "खरंच सुटली?" आई म्हणाली, "आईनं सोडवली म्हंजी सुटली."

मग तिनं सांगितलं. मराठीत ते फारच थोडं होतं. कॅन्सर हा शब्द तिनं घेतला तेव्हा आईनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"लग्नानंतर म्हणले?" आईनं विचारलं.

"हो."

"तुझा बा पण?"

"ते काहीच नाही बोलले."

"घरात सगळ्यांना ठावं हाय?"

"हो."

"आणि आतल्यांना?" तिनं वर्गाच्या दाराकडे बोट केलं. दाराच्या काचेतून आत बसलेले सगळे दिसत होते. कुणीही इकडे बघत नव्हतं. "ह्यांना आत्ता कळलं. म्हंजी ह्यांना पण माझ्याआधी."

मी म्हटलं, "बसा जरा. पाणी आणते." ती म्हणाली, "नको." तिनं भिंतीला हात टेकला. मला वाटलं आता ही कोसळेल. मी तिला धरायच्या तयारीत होते. पण तिनं पदर खोचला, मुलीचा हात धरला आणि दार ढकलून पुन्हा वर्गात गेली. या वेळी चपलांसकट.

फळ्यापुढे, मघाच्याच जागी, ती जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी माना वर केल्या.

"पोरीचं इंग्रजी चुकलं होतं का वो?" तिनं विचारलं. भाषा मराठी, वर्ग माझा. मी चकार शब्द काढला नाही.

कुणीतरी म्हणालं, "नाही, नाही."

"मग वाजवा की टाळ्या."

पहिली टाळी तिनंच वाजवली. मग हळूहळू सगळ्यांनी वाजवल्या. तशा टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही. मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उभी होती, आणि आई तिच्या डोक्यावरून टाळ्या वाजवत होती, सगळे थांबले तरी वाजवत होती.

नंतर ती माझ्याकडे वळली. "म्याडम, पोरीला आज लवकर सोडा."

"घरी जाताय?"

"घरी कशाला? दवाखान्यात. जिथं तपासलं तिथंच, ही असंल संगं."

"आणि घरी काय सांगाल? लग्नाचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"ज्याचं लगीन हाय त्यो बघंल," ती म्हणाली, आणि मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.